चाक घासते ते कोठे?

माप न घेता शिवलेला सदरा आणि माप न पाहता आणलेला जोडा, यांचा त्रास ज्याचा त्यालाच होतो. मोटारीच्या चाकाचे तसे नाही. तेथे माप चुकले, तर चालविणाऱ्याबरोबरच मागच्या आसनावर विश्वासाने डोळे मिटून बसलेल्या माणसांनाही त्याचे फळ भोगावे लागते. या सदरात आजवर आम्ही शब्दांच्या आणि चालीरीतींच्या गोष्टी अधिक केल्या. या खेपेस मोटारीच्या चाकांचा विषय पाहून आमचे जुने वाचक क्षणभर नवल करतील. पण विषय घरातलाच आहे, आणि तो आमच्यापुढे एका पत्राने आणून ठेवला आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका भगिनीने हे पत्र धाडले आहे. त्यांच्या घरी मारुतीची स्विफ्ट गाडी आहे. २००५ साली ही गाडी भारतात आली, तेव्हापासून तिच्या चपळ चालीमुळे तरुण मंडळी तिच्यावर लुब्ध आहेत. त्यांच्या चिरंजीवांनाही आपली गाडी अधिक ऐटबाज दिसावी असे वाटते. गाडीला सध्या १५ इंची चाके आहेत. त्या जागी १७ इंची रुंद अलॉय चाके आपल्या पगारातून बसवावी, असा त्यांचा बेत आहे. दुकानदाराने 'बसतात, बिनधास्त घ्या' असे सांगितले आहे. यजमानांचे म्हणणे याच्या अगदी उलट. कंपनीने जे दिले ते विचार करूनच दिले. चाक बदलले तर आपण त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही, असे त्यांनी बजावले आहे. हे कुटुंब दरवर्षी चंपाषष्ठीच्या सुमारास याच गाडीने जेजुरीला जाते. पितापुत्रांचे बोलणे सध्या पानावर 'आमटी वाढ' म्हणण्यापुरते उरले आहे. 'दोघांपैकी कोणाचे खरे, ते आपण सांगावे,' असे या भगिनी लिहितात.

आमचे उत्तर असे की, हा निवाडा वडीलकीने होणार नाही आणि हौसेनेही होणार नाही. तो साध्या त्रैराशिकाच्या तोडीच्या गणिताने आणि एका पट्टीने होण्यासारखा आहे. ते गणित आम्ही येथे मांडतो.

प्रथम टायरवरील अक्षरे वाचावयास शिकले पाहिजे. स्विफ्टच्या वरच्या प्रतीच्या गाड्यांना १८५/६५ आर १५ या मापाचा टायर येतो. यातील १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हा आकडा मिलिमीटर नव्हे. टायरच्या बाजूची भिंत रुंदीच्या शेकडा ६५ इतकी उंच आहे, असा त्याचा अर्थ. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे एकत्र नांदत असल्यामुळे पुष्कळांचा येथेच घोटाळा होतो.

आता पूर्ण चाकाची उंची काढू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती, म्हणजे २४०.५ मिलिमीटर, मिळवल्या की ६२१.५ होतात. खालच्या प्रतीच्या स्विफ्टला १६५/८० आर १४ हे माप येते. त्याची उंची त्याच रीतीने काढली तर ती ६१९.६ भरते. रिम एक इंचाने मोठी झाली, टायर २० मिलिमीटरने रुंद झाला, तरी उभ्या चाकाच्या उंचीत पुरता २ मिलिमीटरचाही फरक पडला नाही. रिम वाढली तेवढी भिंत कमी झाली.

या प्रकरणाची किल्ली येथेच आहे. 'मोठे चाक' या शब्दाने पिता आणि पुत्र दोघेही फसले आहेत. रीतसर बसवलेले मोठे चाक उंच नसतेच. धातू वाढतो, रबर घटते, आणि बाहेरचा घेर होता तेवढाच राहतो. तो राहिला नाही, तर समजावे की माप चुकले.

मग १६ इंची रिमला कोणता टायर जुळेल? १९५/५५ आर १६ घेऊन पाहा. भिंत १०७.२५, दोन्ही मिळून २१४.५, त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिळवले की ६२०.९. मूळ मापाशी हे जवळजवळ तंतोतंत जुळते. १७ इंची रिमला २०५/४५ आर १७ घेतला, तर उंची ६१६.३ येते, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर कमी. तेही चालण्यासारखे आहे. पण दुकानात ४५ चा टायर शिल्लक नसेल आणि 'एकाच आकड्याचा तर फरक' म्हणून २०५/५० आर १७ गळ्यात मारला, तर उंची ६३६.८ होते. मूळ मापापेक्षा १५.३ मिलिमीटर अधिक, म्हणजे आसापासून वर आणि खाली प्रत्येकी साडेसात मिलिमीटरहून थोडे जास्तच. मडगार्डच्या कमानीखालची जागा तेवढ्याने आटली. शिवाय वेगदर्शक काटा १०० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०२.५ च्या वेगाने धावत असेल. चार चाकांतील दोनच बदलली, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत मेळ राहणार नाही. आणि ब्रेकची आधुनिक यंत्रणा तर त्या फेऱ्या मोजूनच चालते.

येथपर्यंत उंचीचा विचार झाला. परंतु चाक घासण्याचे प्रकार पाहिले, तर उंचीइतकाच दोष रुंदीचा, आणि त्याहूनही एका लपलेल्या आकड्याचा निघतो. त्या आकड्याला 'ऑफसेट' म्हणतात. रिमच्या आतल्या अंगाला किंवा आऱ्यांच्या पाठीशी 'ईटी' ही अक्षरे आणि त्यांच्यापुढे एक संख्या कोरलेली असते. तोच हा आकडा. हे जर्मन शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबवर टेकणारा सपाट भाग, यांच्यातील अंतर तो मिलिमीटरमध्ये सांगतो. हा आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या पोटात. जितका लहान, तितके ते बाहेर डोकावणारे.

उदाहरण घेऊ. समजा, मूळ रिम साडेपाच इंच रुंद असून तिचा ऑफसेट ४५ आहे, आणि नवी रिम ७ इंच रुंद असून ऑफसेट ३५ आहे. रुंदी दीड इंचाने वाढली. म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच, मिलिमीटरमध्ये प्रत्येकी १९. त्यातच ऑफसेट १० ने घटल्यामुळे सबंध चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले. एकूण बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर आली, आणि आतली कड ९ मिलिमीटर आत गेली. दुकानात नुसते 'सतरा इंच' एवढेच विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला या २९ मिलिमीटरची वार्ताही नसते. याउलट ६ इंच रुंद आणि मूळच्याच ४५ ऑफसेटची १६ इंची रिम घेतली, तर दोन्ही बाजूंना फक्त सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास वाढ होते. आम्ही येथे दिलेले ऑफसेट उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या चाकावरचा आकडा स्वतः वाचून हीच वजाबाकी करावी.

रिम आणि टायर यांचीही सोयरीक जुळावी लागते. १९५/५५ आर १६ टायरला साडेपाच ते ७ इंच रुंदीची रिम चालते. २०५/४५ आर १७ ला साडेसहा ते साडेसात इंचांची. याबाहेर गेल्यास टायर ताणला तरी जातो किंवा फुगून तरी बसतो. स्विफ्टचे चाक चार नटांचे आहे, आणि समोरासमोरच्या दोन नटांच्या मध्यांत १०० मिलिमीटरचे अंतर असते. चाकाच्या मधले छिद्र ५४.१ मिलिमीटरचे असते. अलॉय चाकांची छिद्रे पुष्कळदा याहून मोठी असतात. अशा वेळी मधली फट भरून काढणारी नेमक्या मापाची रिंग बसवून घ्यावी, म्हणजे चाक हबवर मध्यभागी बसते आणि स्टिअरिंगला थरथर येत नाही.

आता मथळ्यातील प्रश्नाकडे येऊ. चाक घासते ते कोठे? मुख्यतः तीन ठिकाणी. पहिले ठिकाण पुढच्या चाकांचे. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायरचा कोपरा मडगार्डच्या आतील प्लास्टिकच्या अस्तराला किंवा बंपरच्या टोकाला लागतो. गाडी मागे घेताना 'खर्र' असा आवाज येतो तो बहुधा याचा. दुसरे ठिकाण आतल्या अंगाला, शॉकअपच्या नळीपाशी. या गाडीच्या पुढच्या चाकांमागील शॉकअप चाकाबरोबरच वळतो. म्हणून तेथील फट स्टिअरिंग फिरवल्याने बदलत नाही, आणि उभ्या गाडीतही ती मोजता येते. निदान पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी राहिलीच पाहिजे. तिसरे ठिकाण मागच्या चाकांवरील कमानीची कड. हे सर्वांत घातक, कारण रिकाम्या गाडीत ते कधीच दिसत नाही. मागे तीन माणसे बसली, डिकीत सामान चढले आणि रस्त्यात खड्डा आला, की गाडीचे अंग खाली बसते आणि पत्र्याची दुमडलेली कड टायरच्या खांद्यावर सुरीसारखी टेकते.

प्लास्टिकला होणारे घासणे त्रासदायक असले, तरी बहुधा प्लास्टिकच झिजते. पत्र्याला होणारे घासणे मात्र टायर कापते. टायरच्या बाजूच्या भिंतीत धाग्यांचे थर असतात. हवेचा सारा दाब त्यांनीच तोलून धरलेला असतो. ते एकेक करून तुटू लागले, तर वरून रेघ दिसते एवढेच. मग कधी तरी भर वेगात, भरल्या गाडीत ती रेघ उकलते. इंदूरहून महाराष्ट्रात उतरताना सेंधव्यापुढे बिजासनचा घाट लागतो. लदलेले ट्रक पुढे, लदलेले ट्रक मागे, आणि उतारावर एक टायर फुटलेला. हे चित्र ज्याने मनाशी रंगवले, तो 'बसते' या दुकानदारी शब्दावर विसंबणार नाही.

आणखी एक गोष्ट भाराची. टायरवर मापापुढे ८८ एच यांसारखी एक खूण असते. ८८ म्हणजे तो एक टायर ५६० किलो भार वाहू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला तो योग्य आहे. ८७ म्हणजे ५४५ किलो आणि ८४ म्हणजे ५०० किलो. २०५/४५ आर १७ हा टायर साध्या बांधणीत ८४ चा मिळतो, तर 'एक्सएल' या मजबूत बांधणीत ८८ चा. दुकानात दोन्ही सारखेच काळे आणि सारखेच चकचकीत दिसतात. पण एकात प्रत्येक चाकामागे ६० किलोचा तोटा आहे. मूळ टायरच्या खुणेपेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नये, हा नियम सोपा आहे. १६ इंची टायर घेतानाही ८७ चा की अधिक भाराचा, हे पाहून घ्यावे.

१७ इंची चाकाची खरी किंमत पुढे रस्त्यावर मोजावी लागते. भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर आली. म्हणजे रस्ता आणि धातू यांच्या मधली उशी २८ मिलिमीटरने पातळ झाली. वळणावर गाडी अधिक ताठ चालेल हे खरे, आणि तरुण चालकाला त्यात आनंद आहे हेही खरे. पण पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावरील एका बेसावध खड्ड्यात रिम वाकू शकते, टायरला फुगा येऊ शकतो, आणि मागे बसलेल्यांच्या पाठीचे काय होते ते मागे बसलेल्यांनाच विचारावे.

वडिलांच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारखानदार चाकाचे माप नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने ठरवत नाहीत. आमच्या इंदूरजवळच पिथमपूर येथे वाहनांच्या परीक्षेसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा गोल मार्ग जून २०२१ मध्ये खुला झाला. गाड्यांच्या अशा कसोट्या घेतल्या जातात त्या कारखान्याने नेमलेल्या चाकांवर. आपण माप बदलले, की त्या कसोटीचा आधार सुटतो आणि परीक्षेची जबाबदारी आपल्यावर येते. कायद्याचेही भान असावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणेच लावला. म्हणून बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचे उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर तोंडी आश्वासने कोणाच्या कामी येत नाहीत.

तेव्हा आमचा कौल असा. १७ इंची, ७ इंच रुंद, कमी ऑफसेटची चाके या गाडीला घेऊ नयेत. येथे वडिलांचे खरे. पण चाक मुळी बदलूच नये हेही खरे नव्हे. १६ इंची, ६ इंच रुंद, मूळ ऑफसेटची रिम आणि तिच्यावर पुरेशा भाराचा १९५/५५ टायर, हा बेत मापाला उतरतो, आणि मुलाची हौसही बऱ्याच अंशी भागवतो. गाडी खाली बसवण्यासाठी आखूड स्प्रिंगा घालणे, चाक बाहेर काढण्यासाठी मध्ये चकत्या सरकवणे आणि घासते म्हणून मडगार्डची कड हातोड्याने आत ठोकणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. ठोकलेल्या कडेचा रंग तडकतो आणि पहिल्या पावसाळ्यात तेथे गंज धरतो.

दुकानात जाताना कागदाच्या चिठोऱ्यावर सहा गोष्टी लिहून न्याव्यात: चाकाची पूर्ण उंची, रिमची रुंदी, ऑफसेट, नटांचे अंतर, मधले छिद्र आणि टायरच्या भाराचा आकडा. टायर किती जुना आहे तेही पाहावे; बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. प्रथम एकच चाक चढवून पाहू द्यावे, अशी अट आधीच घालावी. चाके बसल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून घ्यावेत, आणि स्टेपनीची उंची नव्या चाकांशी जुळते ना, हेही पडताळावे.

शेवटची परीक्षा खडूची. आणि हे हत्यार आमच्या धंद्यातले असल्यामुळे त्याची शिफारस आम्ही निःशंकपणे करतो. मागच्या दोन्ही कमानींच्या आतल्या कडेला आणि पुढच्या अस्तराला खडूचा जाड थर द्यावा. मग गाडीत पाच माणसे बसवून आणि डिकीत प्रवासाएवढे सामान भरून गाडी हळूहळू गतिरोधकावरून न्यावी. मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे-मागे घ्यावी. उतरून खडू पाहावा. तो जसाच्या तसा असेल, तर चाक बसले. पुसला असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, चाक बसलेले नाही. ते त्याच दिवशी परत करावे.

मात्र ही परीक्षा रिकाम्या गाडीत होत नाही. मागचे आसन भरलेले लागते. म्हणून आमची या चिरंजीवांना सूचना आहे की, हे सारे गणित एका कागदावर मांडून त्यांनी ते प्रथम वडिलांपुढे ठेवावे, आणि एकच चाक चढवून पाहण्याच्या दिवशी त्यांना बरोबर येण्याची विनंती करावी. आणि यजमानांना आमची विनंती आहे की, त्या दिवशी त्यांनी मागच्या आसनावर अवश्य बसावे. चाक घासते की नाही, हे त्यांच्या वजनाशिवाय कळणार नाही.